त्या फिल्ममध्ये मास्तर कुठे होते?

मंडळी, गेल्या डिसेंबरात नॅशनल डेच्या सुट्टीत आपल्या मंडळाने मोठ्या मुलांसाठी एक माहितीपट दाखवला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी निदान नंतरचे बटाटेवडे तरी खाल्ले असतील. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि ऐन वेळी न सापडणारी केबल ही तीन खाती ‘आयटीवाला’ म्हणून दर वर्षी माझ्याकडेच असतात, त्यामुळे मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हजर होतो. फिल्म होती हिटलर सत्तेवर कसा आला यावर. जुन्या चित्रफिती एकापुढे एक जोडलेल्या आणि वरून भारदस्त आवाजात निवेदन. अशा फिल्म शेकड्याने आहेत, म्हणून नाव सांगत बसत नाही.

फिल्म संपली, दिवे लागले. मुले मोबाईलकडे वळली आणि मोठे चहाकडे. माझा एक मित्र कपात साखर ढवळत शेजारी येऊन उभा राहिला. अगदी जवळचा मित्र. गणपतीत माझ्या हातात टाळ कोंबणारा, माझ्या मुलीला लहानपणी ताप चढला तेव्हा रात्री दोन वाजता गाडी घेऊन आलेला. तो म्हणाला, “काही म्हण, माणसात दम होता. ज्यूंचं सोडून दे, ते चूकच. पण आपल्याकडे असा एक पाहिजे. फक्त पाच वर्षं. सगळे सुतासारखे सरळ होतील.”

चौघे हसले. दोघांनी मान डोलावली. मी काहीच बोललो नाही. केबल गुंडाळत होतो! आज वर्षभरानंतर स्मरणिकेच्या संपादकांनी “काहीतरी लिहा हो” म्हणून मागे लागल्यावर त्या गप्प बसण्याची थकबाकी भरतो आहे.

तर पहिली गोष्ट. साठ लाख ज्यू माणसे ‘सोडून दे’ या दोन शब्दांत मावली, हे तुमच्या लक्षात आले का? माझ्या तेव्हा आले नाही. आणि माझा मित्र काही दुष्ट नाही. तो नुकतीच दीड तासाची एक फिल्म पाहून उठला होता, आणि त्या फिल्मने त्याला जे दाखवले तेच तो बोलत होता. घरी परतताना गाडीत मागच्या सीटवरून माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, त्यांचे युनिफॉर्म कोण डिझाईन करायचं?” हुकूमशाहीचा धोका कळावा म्हणून आपण मुलांना बोलावले, आणि तिच्या डोक्यात काय राहिले, तर कडक इस्त्रीचे कपडे. दोष तिचाही नाही. खरे सांगतो, मध्ये एकदा बँड सुरू झाला तेव्हा माझाही पाय ठेक्यावर हलत होता.

असे का होते, हे मला थोडेफार माहीत असायला हवे होते. मी मास्टर्स केले ते जर्मनीत, एर्लांगेनला. तिथून न्यूरेंबर्ग रेल्वेने वीसेक मिनिटांवर. २००५ च्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही चार भारतीय विद्यार्थी तिथले नाझी मेळाव्यांचे मैदान पाहायला गेलो. हिटलरला तिथे रोमच्या कलोसियमच्या धर्तीवर एक प्रचंड सभागृह बांधायचे होते, ते अर्धवटच राहिले. २००१ पासून त्याच्या एका भागात संग्रहालय आहे, आणि वास्तुविशारदाने त्या दगडी इमारतीच्या पोटात काच आणि पोलादाची एक तिरकी मार्गिका भाल्यासारखी आरपार घुसवली आहे. पुढे झेपेलिन मैदान. ज्या पायऱ्यांवरून तो भाषणे करायचा त्यांच्या फटींत गवत उगवलेले, एक पोरगा स्केटबोर्ड खेळत होता, एक आजीबाई सँडविच खात होत्या. मला ती जागा फारच छोटी वाटली. मी बरोबरच्या मित्राला म्हटलेही, “पिक्चरमध्ये केवढी दिसते!”

हेच ते. पिक्चरमध्ये केवढी दिसते. कारण १९३४ च्या मेळाव्यात लेनी रीफेनश्टालने ती तशी दिसावी म्हणूनच चित्रित केली होती. तिच्या दिमतीला तीसेक कॅमेरे होते, आणि त्यातला एक तर ध्वजस्तंभाला बसवलेल्या छोट्या लिफ्टमधून वर-खाली होत असे. तिची फिल्म १९३५ मध्ये पडद्यावर आली. त्यानंतर आजतागायत हिटलरविरुद्ध जेवढ्या म्हणून फिल्म निघाल्या, त्यातल्या बहुतेकींनी फीत उसनी घेतली ती तिच्याकडून आणि गोबेल्सच्या खात्याकडून. निवेदक वरून कितीही ‘राक्षस, राक्षस’ म्हणो, डोळ्यांना दिसतो तो त्या राक्षसाने स्वतः पसंत केलेला फोटो. स्थळाच्या पत्रिकेबरोबर आलेल्या फोटोवरून नवरदेवाचा स्वभाव ओळखण्यातलाच हा प्रकार!

आणखी एक उदाहरण. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला, त्या रात्री बर्लिनमध्ये मशालींची मिरवणूक निघाली. ते दृश्य जवळपास प्रत्येक फिल्ममध्ये असते, आपण पाहिलेल्या फिल्ममध्येही होते. पण आपण पाहतो ती प्रसिद्ध दृश्ये त्या रात्रीची नाहीत. खरी मिरवणूक कॅमेऱ्याला हवी तशी भव्य मिळाली नव्हती, म्हणून नंतर पुन्हा माणसे चालवून ती ‘घेतली’. म्हणजे आपण इतिहास म्हणून मुलांना जे दाखवले तो रीटेक होता.

आता त्या फिल्ममध्ये काय नव्हते ते सांगतो. जुलै १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला ३७ टक्के मते मिळाली होती. नोव्हेंबरात ती ३३ टक्क्यांवर आली. चार महिन्यांत २३० जागांच्या १९६ झाल्या. पक्ष उतरणीला लागला होता! आणि अशा वेळी फॉन पापेनसारख्या सभ्य, खानदानी, उत्तम कपडे घालणाऱ्या चार मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गना पटवले की याला चॅन्सेलर करू, मंत्रिमंडळात बहुसंख्य आपलेच ठेवू आणि याला मुठीत ठेवू. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी होते तीन. २७ फेब्रुवारीला संसदेला आग लागली, दुसऱ्या दिवशी एका वटहुकमाने नागरिकांचे मूलभूत हक्क गेले. २३ मार्चला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी स्वतःचे अधिकार त्याला देऊन टाकले. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते, विरोधात मत दिले ते फक्त सोशल डेमोक्रॅटांनी. ७ एप्रिलला सरकारी नोकरांचा कायदा आला. ज्यू आणि विरोधक नोकरीतून गेले, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसायला माणसे कमी पडली नाहीत.

यातल्या पापेनच्या दिवाणखान्याची फीत नाही. वटहुकमाच्या सहीत बँड वाजत नाही. बढती मिळालेला कारकून घरी जाऊन बायकोला काय म्हणाला, हे कोणी चित्रित केलेले नाही. सत्ता गेली ती अशा खोल्यांतून. आणि आपण मुलांना दाखवले ते मैदान.

(सगळ्याच फिल्म अशा नसतात. मिखाईल रॉम या रशियन दिग्दर्शकाने १९६५ मध्ये नाझींच्याच फितींतून एक फिल्म केली. त्यात तो स्वतःच्या आवाजात बोलतो, टिंगल करतो, गर्दीतल्या साध्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहायला लावतो. पुढच्या वेळी निवड करताना निदान ती पाहा, एवढीच कार्यकारिणीला विनंती.)

पण माझे भांडण फिल्मशी कमी आणि आपल्याशी जास्त आहे. हुकूमशाही शिकवायला आपल्याला बर्लिनपर्यंत जावे का लागले? मंडळात राजकारण नको, हा नियम मला मान्य आहे, त्यामुळेच आपण सगळे एका पंगतीत बसू शकतो. पण “एक हिटलर पाहिजे” हे चहावर चालते आणि आणीबाणीचा विषय निघाला की “राजकारण नको” होते, हे कसे?

आता आणीबाणीची काही फीत पाहायची म्हटली तर काय सापडते? मुंबईच्या पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजन होते, १९४८ साली सुरू झालेले, आता एनएफडीसीत विलीन झालेले. आपल्या आईवडिलांच्या पिढीला मुख्य पिक्चरच्या आधी त्यांचा माहितीपट किंवा वार्तापट बघावाच लागे, थिएटरवर तशी सक्तीच होती. आणीबाणीच्या काळात त्यातून काय दिसत होते? वीस कलमी कार्यक्रम, धरणे, कारखाने, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, हसरे शेतकरी. एस. सुखदेवसारख्या खरोखर मोठ्या दिग्दर्शकानेही १९७६ मध्ये आणीबाणीची भलामण करणारी ‘थंडर ऑफ फ्रीडम’ केली. दुसऱ्या बाजूला आपला मुंबईचा आनंद पटवर्धन. त्याने १९७४ च्या बिहार आंदोलनावर उसन्या साधनांनी ‘क्रांती की तरंगें’ ही छोटी फिल्म केली, आणि आणीबाणीत तिची प्रिंट तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. राजकैद्यांवरची त्याची ‘जमीर के बंदी’ पूर्ण झाली ती १९७८ मध्ये. अमृत नाहटांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या तर प्रिंटच जाळल्या गेल्या. म्हणजे सरकारची फीत सरकारी कपाटात सुखरूप, विरोधकाची पिशवीतून पळवलेली, आणि थट्टा करणाऱ्याची राख. उद्या कोणी तटस्थपणे जुन्या फिती जोडून त्या २१ महिन्यांवर फिल्म करायला बसला, तर हाताला पहिल्यांदा काय लागेल, सांगा?

आणि जे घडले ते बहुतेक फितीबाहेरच घडले. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली, दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, मंत्रिमंडळाला कळवले दुसऱ्या दिवशी सकाळी. मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे आत गेली, भारत संरक्षण नियमांखाली आणखी ७५ हजारांवर. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाने हात लावू नये म्हणून घटना दुरुस्त केली, तीही रीतसर, संसदेत, बहुमताने. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात बजावले होते की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा रस्ता आहे. त्याला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षेच झाली होती आणि काँग्रेसचे अध्यक्ष ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणत होते.

आपली मराठी माणसे या सगळ्यात कुठे होती, हा प्रश्न मला जास्त छळतो. सगळीकडे होती. यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री होते आणि राहिले. आमचे पवनारचे विनोबा ‘अनुशासन पर्व’ म्हणाले. त्यांना आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा पुढे झाला, पण तोवर सरकारी प्रचाराने तो शब्द उचलला होता. शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिला. कम्युनिस्टांपैकी एका पक्षाने दिला. संघाचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, आणि त्याच वेळी येरवड्यातून सरसंघचालक बाळासाहेब देवरस इंदिराबाईंना बंदी उठवण्याविषयी पत्रे लिहीत होते. तेव्हा कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटू नये. सर्वोच्च न्यायालयात २८ एप्रिल १९७६ ला पाचापैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की आणीबाणीत अटक झालेल्याला न्यायालयाचे दारच ठोठावता येणार नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट कौल दिला होता, तरीही! त्या चौघांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते, पुण्याच्या लॉ कॉलेजचे, कायद्यातले केवढे मोठे नाव. एकट्या न्या. खन्नांनी विरोधात निकाल लिहिला, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केले गेले. तो १९७६ चा निकाल २०१७ मध्ये चुकीचा ठरवला गेला, तेव्हा तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंतरावांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. एवढे सगळे व्हायला ४१ वर्षे लागली.

उभी राहिलेली माणसेही आपलीच होती. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव, म्हणजे देशाचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोकमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी. दुर्गाबाईंनी त्या भर मंडपात सगळ्यांना त्यांच्या प्रकृतीसाठी उभे राहून प्रार्थना करायला लावले. विचार करा मंडळी, पुढच्या रांगेत सरकार बसलेले आणि नऊवारीतल्या एक विदुषी म्हणतात, उभे राहा! पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. मधु लिमयांनी तर लोकसभेची मुदत वाढवली म्हणून तुरुंगातून राजीनामा पाठवला: लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले होते, पाच वर्षे झाली, निघालो. मृणाल गोरेंना अकोल्याच्या तुरुंगात ठेवले होते, मधु दंडवते बंगळूरला आणि प्रमिलाताई येरवड्यात. मुंबईचे मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’वरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि चक्क जिंकले. यातले किती आपण आपल्या मुलांना सांगितले? माझ्या मुलीला गोबेल्स माहीत आहे. दुर्गाबाई माहीत नाहीत.

आता जे सांगणार आहे ते लिहावे की नाही, यावर आमच्या घरात बराच खल झाला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दर हिवाळ्यात आईबरोबर व्हिजिट व्हिसावर इथे येतात. कॉर्निशवर माकडटोपी घालून फिरणाऱ्या आजोबांच्या घोळक्यात तुम्ही त्यांना पाहिले असेल. सांगलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. माझा जन्म आणीबाणी उठल्यानंतरचा, त्यामुळे लहानपणापासून मी एकच ऐकत आलो, “आणीबाणीत कचेऱ्या साडेदहाला भरायच्या. एसटी वेळेवर. व्यापाऱ्यांची टाप नव्हती साठेबाजी करायची.” आमच्या घरी हा पाढ्यासारखा पाठ.

त्या रात्री अण्णाही फिल्म बघायला आले होते. परतताना गाडीत गप्प. मला वाटले, दमले असतील. रात्री अकराला दूध गरम करायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर टेबलाशी बसलेले. म्हणाले, “त्या सिनेमात मास्तर कुठं होता रे?”

मला प्रश्नच कळला नाही.

१९७६ मध्ये अण्णा २४ वर्षांचे होते, नोकरीला दोन वर्षे झालेली. तो काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. देशातले पहिलेच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. पण कामाला कायदा लागतो थोडाच? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना आकडे ठरवून दिले होते. त्याला ‘केस’ म्हणत. अण्णांना दोन केसेस आणायच्या होत्या. आणेपर्यंत त्यांचा पगार थांबला.

पहिली केस सोपी होती, एक साठी ओलांडलेला विधुर. कागदावर तोही आकडाच. दुसरी मिळेना. शेवटी एक शेतमजूर. दोन मुली, मुलगा नाही. तो तयार नव्हता. अण्णांनी त्याला सांगितले, “घाबरू नकोस, हे पाहिजे तेव्हा परत उघडता येतं.” मास्तर सांगतात म्हणजे खरेच असणार. त्याने अंगठा दिला. थोडे पैसे मिळाले, एक डबा मिळाला. अण्णांचा तीन महिन्यांचा पगार एकदम निघाला.

त्या पगारातून ते मित्रांबरोबर तालुक्याला पिक्चर बघायला गेले. आधी सरकारी रीळ लागले. त्यात नसबंदीचे शिबिर होते. स्वच्छ पांढरी गादी, हार घातलेली हसरी माणसे, कौतुकाने बघणारे डॉक्टर. “ते आमच्याकडचं शिबिर नव्हतं,” अण्णा म्हणाले, “पण मी आपला त्यात आमचा माणूस शोधत होतो.”

त्या मजुराची धाकटी मुलगी अण्णांच्याच वर्गात होती. चौथीपर्यंत. त्याने त्यांना कधी जाब विचारला नाही. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. त्याला पुढे कळले का, कधी कळले, हे अण्णा विचारू शकले नाहीत. बदली मागून घेतली.

मी हे लिहितो आहे ते वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला नाही. पंचवीस वर्षांच्या पोरावर ज्यांनी ते आकडे लादले ते वर बसले होते, आणि पगार अडवणारा हात कोणा साहेबाचा होता. पण ‘साडेदहाला भरणाऱ्या कचेऱ्या’ हा पाढा पन्नास वर्षे का पाठ होता, ते मला त्या रात्री समजले. तो म्हणत राहिले की दुसरे काही म्हणावे लागत नाही.

म्हणून माझ्या मित्रा, आता तुला. “पाच वर्षं” म्हणालास. आपण इथे फ्लॅट घेताना रेंट ॲग्रीमेंटमधली बारीक अक्षरे तीनदा वाचतो, एसी कोण दुरुस्त करणार यावर घरमालकाशी वाद घालतो. हुकूमशहाबरोबरचे पाच वर्षांचे लीज कोण लिहून घेणार? संपल्यावर किल्ल्या कोण मागणार? इंदिराबाईंनी निवडणूक घेतली, हरल्या आणि पायउतार झाल्या, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. म्हणूनच त्यांना हिटलरच्या रांगेत बसवणेही मला पटत नाही. पण त्यांनी ती का घेतली यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे आपण सुटलो ते कशामुळे, हेही आपल्याला धड माहीत नाही. यात पाच वर्षांचा हिशेब कुठे बसवायचा?

दुसरे तू नेहमी म्हणतोस, “इथे बघ, कशी शिस्त आहे.” आहे, आणि आपण तिचे चीज करतो. यजमानाच्या घराविषयी पाहुण्याने बोलू नये असे मला वाटते, म्हणून बोलत नाही. पण आपण इथे रेसिडेन्सी व्हिसावर आहोत, मुदत संपली की सामान बांधून निघणार, हे दोघांनाही माहीत आहे. तिकडच्या घरात आपले नाव सातबाऱ्यावर आहे. भाडेकरूच्या नजरेने स्वतःचे घर बघायची सवय आपल्याला लागली आहे. २०११ पासून परदेशस्थ भारतीयांना मतदार यादीत नाव घालता येते. आपल्या मंडळात किती जणांनी घातले, हात वर करा. मीही केला नव्हता, या मार्चमध्ये अर्ज भरला. मत द्यायला प्रत्यक्ष जावे लागते, त्यामुळे रजेचे बघावे लागेल.

आणि ‘सगळे सुतासारखे सरळ होतील’ हे म्हणताना त्या ‘सगळे’मध्ये तू स्वतःला धरलेले नसतेस, हे मी पैजेवर सांगतो. मीही धरलेले नसते. आपण मनातल्या मनात नेहमी वरच्या गॅलरीत, निवेदकाच्या शेजारी बसलेलो असतो. अण्णांनी धरले होते का? त्यांनाही वाटले असेल, शिस्त लागणार ती साठेबाजांना.

येत्या नॅशनल डेच्या सुट्टीत मी मंडळाला एक कार्यक्रम सुचवला आहे आणि कार्यकारिणीने, थोडे आढेवेढे घेऊन, तो मान्य केला आहे. हिवाळ्यात आपल्याकडे जे आजी-आजोबा येतात, त्यातले बरेच जण १९७५ मध्ये विशी-पंचविशीचे होते. कोणी बँकेत, कोणी एसटीत, कोणी शाळेत, एखादा तुरुंगातही असेल. त्यांना अर्धवर्तुळात बसवायचे आणि मुलांनी प्रश्न विचारायचे: तेव्हा तुम्ही काय करत होता? तुमच्या गल्लीतून कोणाला नेले का? दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या घरी गेलात का? मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही, मीसुद्धा. रेकॉर्डिंग करावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

अण्णा यायला तयार झाले आहेत. त्यांची अट एकच आहे, गावाचे आणि त्या माणसाचे नाव कोणी विचारायचे नाही. आईची अट वेगळी आहे. या वेळचे बटाटेवडे ती करणार, गेल्या वेळचे फार तेलकट होते म्हणते. नावे माझ्याकडे किंवा कार्यकारिणीकडे नोव्हेंबर अखेरपर्यंत द्यावीत, म्हणजे खुर्च्या किती लागतील याचा अंदाज येईल.